चालू इंजिनवर चेन पुसायची म्हणे!

गेल्या रविवारी सकाळी सिंहगड रोडला ताईकडे गेले होते. पार्किंगमध्ये शिरते तर आमचा चिन्मय नव्याकोऱ्या गाडीशेजारी उकिडवा बसलेला. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, मागचं चाक फिरतंय आणि ह्याच्या हातात जुन्या बनियनचा बोळा, पेट्रोलमध्ये भिजवलेला. बोळा चेनपासून चार बोटांवर. मी अशी ओरडले की वॉचमन खुर्चीतून उठला. चिन्मयने दचकून हात मागे घेतला. मी आधी चावी बंद केली आणि मग त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"अगं मावशी, असंच करतात. काकांनी पाठवलंय."

काका म्हणजे ताईचे दीर. सकाळी सहाला सुविचार आणि रात्री दहाला आरोग्याचे सल्ले पाठवणारे. चिन्मयने मोबाइल पुढे केला. 'नवीन बाईक घेताय? शोरूमवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत!!' खाली नऊ मुद्दे, प्रत्येकापुढे लाल बोट, आणि शेवटी 'किमान दहा बाईकवाल्यांना पाठवा'. त्याखाली 'एका नामांकित कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर'. ही सही पुण्यात फार चालते. आकुर्डी, भोसरी, चाकण अशी आपली गाड्यांच्या कारखान्यांची भूमी. प्रत्येक सोसायटीत कंपनीतून रिटायर झालेला एक तरी माणूस असतो आणि तो गाडीबद्दल बोलला की बाकीचे माना डोलावतात. तो कंपनीत असेंब्लीला होता की कँटीनच्या हिशोबाला, हे कोणी विचारत नाही.

मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. नसला तर नऊ मुद्दे असे. पहिलं सर्व्हिसिंग म्हणजे पैसे काढायचा धंदा; कंपनीने भरलेलं तेल 'खास' असतं, ते ३००० किमीपर्यंत काढू नका. पहिले १००० किमी ताशी ४० च्या वर जाऊ नका. रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. बाईकचं तेल म्हणजे लूट, त्याऐवजी कारचं फुल्ली सिंथेटिक टाका. चेन साफ करायची तर इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, पेट्रोलचा बोळा नुसता धरा, 'दोन मिनिटांत काम'. डिस्कला गंज चढू नये म्हणून खोबरेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात हवा पाच पौंड कमी ठेवा. सर्व्हिसिंग चुकलं तरी वॉरंटी जात नाही, सरकारी नियम आहे. आणि महिन्याला एकदा टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओता.

मी कोण हे सांगणारी? आमचं नाना पेठेत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, गेली बावीस वर्षं काउंटरला मी बसते. म्हणजे मी तेल विकते, तेव्हा 'तेल बदला' असं मी म्हणणारच, असा आरोप होईल. तर हिशोब सांगते. लिटरभर तेलाच्या डब्यात मला सुटतात ते वडापावचे पैसे. तेच तेल न बदलल्यामुळे तुम्ही सिलिंडर-पिस्टनचं किट घ्यायला आलात, तर त्या दिवशी आमच्याकडे श्रीखंड आणता येतं. माझा स्वार्थ बघायचा तर हा मेसेज मीच दहा जणांना पाठवायला हवा.

चेनपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या आठ मुद्द्यांनी गाडी बिघडेल, ह्या एकाने हात जाईल.

चिन्मय इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून त्याला तिथेच गणित घातलं. इंजिन जागेवर मिनिटाला १४०० च्या आसपास फिरतं. पहिल्या गिअरला ते मागच्या चाकापर्यंत उतरतं तेव्हा चाकाच्या सेकंदाला पाऊण ते एक फेऱ्या होतात. बघायला हळूच वाटतं, म्हणूनच माणूस फसतो. पण मागच्या स्पॉकेटला, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्राला, चाळीसएक दात असतात. म्हणजे बोटाजवळून सेकंदाला तीसएक दात जाताहेत, आणि प्रत्येक दात चेनच्या कडीत जाऊन बसतोय. बोट चुरडायला एक दात पुरतो. त्यात हातात कापड. कापडामुळे हात सुरक्षित राहतो असं लोकांना वाटतं. खरं तर कापडामुळेच हात ओढला जातो. बनियनचा एक धागा कडीत अडकला की बोळा जातो, आणि बोळा धरलेली मूठ त्याच्या मागोमाग. तुम्ही मूठ उघडेपर्यंत सगळं झालेलं असतं. बोटासारखी मऊ वस्तू मध्ये आली म्हणून इंजिन बंद पडेल, अशी आशा धरू नका. पहिल्या गिअरला ते इंजिन डबलसीट माणसं घेऊन कात्रजचा घाट चढतं.

आमच्या दुकानामागच्या बोळात एक मिस्त्री होते, आता गावी गेलेत. त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची वरची पेरं नव्हती. नोटा मोजताना करंगळीने नोट सरकवायचे. गॅरेजमध्ये नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी ते डावा हात पुढे धरायचे आणि म्हणायचे, "मोज." पोरगं मोजायचं, अडखळायचं, गप्प व्हायचं. झालं ट्रेनिंग. 'आम्ही वर्षानुवर्षं असंच करतोय, काही होत नाही' असं सांगणारे मला काउंटरला रोज भेटतात. मिस्त्रींनाही त्या सकाळपर्यंत काही झालं नव्हतं.

शिवाय पेट्रोल. इंजिन चालू, सायलेन्सर तापलेला आणि हातात पेट्रोलचा बोळा. बंद पार्किंगमध्ये, शेजारी आणखी वीस गाड्या. ह्यावर वेगळं काही लिहायला नको. पूर्वी रॉकेल वापरायचे आणि ते ठीकही होतं. आता रॉकेल शोधायचं कुठे, म्हणून लोक पेट्रोलवर आले. ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोलने कड्यांमधले रबरी रिंग कडक होतात, आतलं ग्रीस निघून जातं आणि महागाची चेन वर्षभरात कुरकुरायला लागते.

नीट करायचं तर असं. इंजिन बंद, चावी खिशात. स्विचला लावून ठेवायची नाही, खिशातच. गिअर न्यूट्रल. चाक हाताने उलटं, म्हणजे मागच्या दिशेने फिरवायचं. मग खालची चेन मागच्या स्पॉकेटपासून लांब जाते आणि कापड दातांत ओढलं जात नाही. चेन क्लीनरचा फवारा, मऊ ब्रश, कोरडं फडकं, आणि मग चेनच्या आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब. फेरफटका मारून आल्यावर चेन कोमट असताना केलं तर तेल आत मुरतं. जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर रिम आणि पँट दोन्ही काळ्या होतात. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजली की त्याच संध्याकाळी. पंधरा मिनिटं लागतात. दोन मिनिटांत होत नाही, हे मान्य.

आता पहिलं सर्व्हिसिंग.

चिन्मयला म्हटलं, मॅन्युअल आण. शोधाशोध झाली. शेवटी शोरूमच्या पिशवीत, विम्याच्या कागदांखाली सापडलं, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. काकांचा मेसेज मात्र त्याने चार वेळा वाचला होता. ते प्लास्टिक मी फाडलं. प्रत्येक मॅन्युअलमध्ये मागच्या बाजूला एक मेंटेनन्सचा तक्ता असतो: आडवे किलोमीटर, उभे पार्ट, आणि चौकोनांत एकेक अक्षर. आय म्हणजे तपासा, आर म्हणजे बदला, सी म्हणजे साफ करा, एल म्हणजे तेल-ग्रीस द्या, ए म्हणजे ॲडजस्ट करा. इंजिन ऑइलच्या ओळीत, पहिल्याच रकान्यात, आर. चिन्मयच्या गाडीला पहिला टप्पा आहे ५०० ते ७५० किमी किंवा ४५ दिवस, जे आधी होईल ते. काही कंपन्या १००० किमी देतात. ३००० किमी कुठेच नाही. ज्या कंपनीने इंजिन बनवलं तिनेच स्वतःचं 'खास' तेल काढून टाकायला छापील सांगितलंय, आता ह्यावर आणखी कोणाला विचारायचं?

आणि ते का काढायचं, हे आपल्या आज्यांना विचारा. जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं दळण आपण खात होतो का? त्यात दगडाची कच यायची. पहिलं पीठ गुरांना, मग घरातलं दळण. इंजिनचं अगदी तसंच आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक आडव्यातिडव्या रेषा मारलेल्या असतात, टाकी लावल्यासारख्याच. पिस्टनच्या रिंगा त्या रेषांवर घासून त्यांचे उंचवटे मोडतात आणि बसतात. गिअरचे दात एकमेकांना जुळतात, क्लच प्लेटचा पहिला भुगा निघतो. ही सगळी कच जाते कुठे? तेलात. पहिल्या सर्व्हिसिंगला ड्रेन नट काढून तेल ट्रेमध्ये सोडलं की ट्रे उन्हात धरून बघा. काळपट तेलात चंदेरी भोवरा फिरताना दिसतो, बांगडीची चमकी कुटून टाकल्यासारखा. जाळीवर किंवा फिल्टरमध्ये मोठे कण अडकतात, पण सगळे नाही. ते तेल ३००० किमी फिरवायचं म्हणजे कचेचं पीठ तीन महिने घरच्यांना खायला घालायचं.

तेल हा सर्व्हिसिंगचा निम्माच भाग. नवीन चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये सैल पडते. क्लचची केबल ताणली जाते. नटबोल्ट बसतात आणि ढिले होतात, तारांची चाकं असतील तर आरे सैल होतात. आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या जागेवर घासून थोडे आत बसतात, त्यामुळे वरची फट कमी होते. फट वाढली की टकटक आवाज येतो आणि माणूस लगेच गॅरेजला धावतो. फट कमी झाली तर आवाजच येत नाही. माणूस खूश, इंजिन कसं सायलेंट! पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, विशेषतः सायलेन्सरकडचा, आणि कडेने जळत जातो. टकटकणाऱ्या इंजिनाची मला काळजी नसते. नवी गाडी फार गुपचूप चालतेय म्हणून कौतुक सांगणाऱ्याला मी टॅपेट बघून घ्या म्हणते.

लोक आणखी एका ठिकाणी चुकतात, मेसेजने तर ते उल्लेखलंही नाही. 'जे आधी होईल ते.' चिन्मयने पाडव्याला गाडी घेतली. कॉलेज वडगावला, घरापासून चार किलोमीटर. रविवारी मीटरवर होते ३१२ किमी. तो निवांत, कारण ५०० व्हायला वेळ आहे. दिवस मोजले तर अडतीस. आणखी आठवड्यात फ्री कुपन बाद. आणि असं चार-चार किलोमीटर चालणारं इंजिन कधी पुरतं तापतच नाही; थंड इंजिनात पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ तेलात उतरते आणि उडून जात नाही. म्हणजे कमी चाललेल्या गाडीचं तेल जास्त टिकतं, असंही नाही.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते, कारण काका हे वाचणार आहेत. 'पैसे काढायचा धंदा' हे सगळंच खोटं नाही. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री. तेल, फिल्टर, वायसर ह्यांचे पैसे द्यावेच लागतात, आणि हे गाडी विकताना कोणी नीट सांगत नाही. माझ्याच स्कूटरला एका सर्व्हिस सेंटरने न विचारता टेफ्लॉन कोटिंग, इंजिन क्लीनर आणि 'कन्झ्युमेबल्स' असे तीन आकडे लावले होते. ते मी काउंटरवर उभं राहून काढायला लावले, मागे रांग खोळंबली होती तरी. शिवाय 'दर दोन हजारला तेल बदला' असं तोंडी सांगणारे भरपूर आहेत. मॅन्युअलमध्ये पहिल्या सर्व्हिसनंतरचा टप्पा बऱ्याच गाड्यांना ह्याहून पुष्कळ लांबचा असतो, काहींना तर १०,००० किमीचा. तेव्हा फसवणूक होते. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हिसला, अर्ध्या वाटेत. तुम्ही नेमकं पहिलंच, खरोखर लागणारं सर्व्हिसिंग टाळलंत तर त्यांचं काय गेलं? आणि त्या तीन आकड्यांना नाही कसं म्हणायचं, तर मॅन्युअलचा तोच तक्ता पुढे करून. त्यात टेफ्लॉनची ओळ नसते.

कारचं तेल. हा मुद्दा काकांच्या घरातून का फिरला तेही मला माहीत आहे: साडेतीन लिटरच्या डब्यात त्यांचं उरलेलं पाऊण लिटर पडून आहे. कारच्या क्लचला इंजिनचं तेल लागतच नाही. तो बाहेर, कोरडा असतो. आपल्या मोटारसायकलीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि गिअरही त्याच तेलावर चालतात. कारच्या नव्या पातळ तेलांत मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. क्लचचं तर कामच घर्षणावर चालतं. निसरड्या फरशीवर साबणाचं पाणी ओतून वर पळायला सांगण्यासारखं आहे हे. म्हणूनच जपानच्या जासो संस्थेने १९९८ मध्ये बाईकच्या तेलासाठी टी ९०३ हे वेगळं मानक आणलं. डब्याच्या मागे छोट्या चौकटीत 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं असतं. ओल्या क्लचच्या गाडीला ते हवं. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं.

दिसतं कसं ते सांगते. गाडी गावात ठीक चालते. कात्रजच्या चढाला किंवा खंबाटकीला डबलसीट लागली की इंजिन ओरडतं, काटा वर जातो आणि गाडी जागच्या जागी. मग पोरगं आमच्या काउंटरला येतं, 'क्लच प्लेटचा सेट द्या'. प्लेट, पॅकिंग, पुन्हा तेल, मजुरी, असा खर्च दोन हजारांच्या घरात. वाचवले किती? मुळात कारचं फुल्ली सिंथेटिक बाईकच्या साध्या तेलाहून स्वस्तही नाही. सिंथेटिक वाईट, असं मी म्हणत नाही. बाईकसाठी बनवलेलं सिंथेटिक उत्तम. ग्रेड, म्हणजे तेलाचा दाटपणा, मात्र मॅन्युअल सांगेल तोच. १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर १०डब्ल्यू-३०.

ताशी ४० चा मुद्दा. हा सगळ्यांत सभ्य आहे आणि अर्धा खरा. जुन्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक गिअरला किती वेग, असा तक्ताच असायचा, आणि वरच्या गिअरचा आकडा ४०-४५ च्या आसपास. पण त्यातलं 'प्रत्येक गिअरला' हे मेसेजमध्ये गळलं. मग पोरं काय करतात? ४० च्या आत राहायचं म्हणून पाचवा गिअर टाकून पस्तीसने चढ चढतात. चिन्मय मला मागे बसवून नवले पुलाच्या चढावर तसाच नेत होता. गाडी गुदमरत होती, पाय ठेवायच्या रॉडमधून थरथर लागत होती. त्याला वाटलं नवीन गाडीचं असंच असतं. असं ओढत चालवणं फुल रेसने चालवण्याइतकंच वाईट, कारण कमी फेऱ्यांत जास्त भार पिस्टनवर येतो. एकाच वेगाने तासभर चालवणंही नको. वेग कमीजास्त करत राहा, गिअर वेळेवर खाली टाका, फुल रेस देऊ नका, पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये करकचून ब्रेक लावायची वेळ आणू नका. रिंगांना बसायला थोडा दाब लागतोच; फार जपून, कुरवाळत चालवलेलं इंजिन पुढे तेल पितं. नळ स्टॉपच्या सिग्नलला वीस मिनिटं उभं राहणं हे काही रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन रुळवणं, नव्हे. पहाटे ट्रॅफिक नसताना पानशेतच्या रस्त्याने जाऊन या, गाडीला आणि तुम्हालाही बरं वाटेल.

सकाळची दहा मिनिटं: कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातली सवय. २०२० च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्या बीएस ६ ह्या प्रदूषणाच्या मानकाच्या. जवळपास सगळ्यांना फ्युएल इंजेक्शन. अर्धा मिनिट पुरतं, तेवढ्यात हेल्मेटचा बंद लावा. मग पहिले दोन किलोमीटर सावकाश. दहा मिनिटं जागेवर चालवून इंजिनाचं काही भलं होत नाही, तळमजल्यावरच्या आजी-आजोबांचं घर मात्र धुराने भरतं.

डिस्कला खोबरेल. हे वाचून मी खरंच मोबाइल खाली ठेवला. अहो, डिस्क म्हणजे ब्रेक! पावसाने रात्रीत चढलेला तांबूस थर पहिल्या दोन ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याला काही करायचं नसतं. तेल मात्र पॅडमध्ये मुरतं, आणि मुरलेलं तेल पुसून निघत नाही. पॅड फेकून नवे घालावे लागतात. ते कळतं कधी, तर समोर पीएमपीची बस थांबल्यावर. खोबरेल केसांना लावा.

हवा कमी ठेवायची तीही पावसात, म्हणजे उलटीच गंगा. हवा कमी झाली की टायरच्या खाचा मिटतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही. आणि पुण्यातल्या खड्ड्यांत कमी हवेने रिम वाकते. चेन कव्हरजवळ किंवा स्विंग आर्मवर स्टिकर असतो, तोच आकडा, टायर थंड असताना. चिन्मयच्या गाडीला पुढे २५, मागे एकट्याला २९, डबलसीट ३३. काकांना सांगायचंच असतं तर हे सांगायचं होतं, की नवा टायर पहिले शंभरएक किलोमीटर गुळगुळीत असतो, वळणावर जपून.

वॉरंटी. इथे पुन्हा अर्धं सत्य. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, हे खरं. बाहेर दुरुस्ती करायचा ग्राहकाचा हक्क हा विषय चर्चेत आहे, हेही खरं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि सर्व्हिसिंग न करताही वॉरंटी टिकते असं त्यात कुठेच नाही. वॉरंटीच्या पानावर अट छापलेली असते: ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या ठिकाणी सर्व्हिसिंग, कुपनवर शिक्का. ग्राहक आयोगात जायचा रस्ता मोकळा आहे, जरूर जा. पण हातात शिक्का मारलेलं पुस्तक घेऊन जा, काकांचा मेसेज घेऊन नको.

ॲडिटिव्हच्या बाटलीला दोनच वाक्यं. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल धरूनच बनवल्यात. मॅन्युअलमध्ये बाटलीची ओळ नसेल तर बाटली नको. आमच्याकडे विकायला आहे, तरी सांगते.

चिन्मयने गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, बेचाळिसावा दिवस. ड्रेन नटचं ॲल्युमिनियमचं वायसर मी त्याला कागदात गुंडाळून दिलंय, कारण जुनंच पुन्हा लावतात आणि मग महिनाभर पार्किंगच्या फरशीवर तेलाचा थेंब. तेल काढताना समोर उभा राहा आणि ट्रेचा उन्हात फोटो काढून ग्रुपवर टाक, असं बजावलंय. आणि गुरुवार आहे म्हणजे पाणी बंद. बिलात वॉशिंग लावलं असेल तर काढायला लावूनच घरी ये.